अमोनिया: पाण्याची ओढ असलेला वायू

श्रोतेहो, नमस्कार.

नवसागर आणि चुना एकत्र खलला, की जो उग्र दर्प नाकात शिरून डोळ्यांतून पाणी काढतो, तो अमोनियाचा. नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन अणू मिळून झालेला हा रंगहीन वायू हवेपेक्षा बराच हलका असतो; पण त्याचा खरा स्वभाव ओळखायचा, तर त्याची पाण्याची ओढ पाहावी लागते.

प्रयोगशाळेतले कारंजे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. अमोनियाने भरलेल्या उपड्या चंबूत पाण्याचे दोन-चार थेंब सोडले, की वायू त्यांत झपाट्याने विरघळतो, आतला दाब घटतो आणि खालच्या भांड्यातले लाल लिटमसचे पाणी नळीतून उसळून वर येते, ते निळे होऊनच. नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे 700 लिटर अमोनिया मावतो आणि त्याचे द्रावण आम्लारिधर्मी असते.

आता आपले डोळे, घसा आणि श्वासनलिका यांचा विचार करा. ही सगळी ओलसर अंगे असल्यामुळे वायू तिथेच विरघळतो आणि दाहक द्रावण तयार होते. ते पेशींमधील स्निग्ध पदार्थांचा अक्षरशः साबण करत खोलवर उतरते; म्हणूनच डोळ्याची इजा मला सर्वांत भयंकर वाटते. हवेच्या दहा लाख भागांत 300 भाग अमोनिया असला, तरी तो जिवाला तत्काळ धोका मानला जातो. वास आधीच सावध करतो हे खरे, मात्र नाक त्याला सरावते, तेव्हा केवळ नाकावर विसंबणे धोक्याचे.

शीतगृहांत हा वायू दाबाखाली द्रवरूपात वापरतात. उणे 33 अंश सेल्सियसला उकळणारा हा द्रव गळला, की थंड पांढरे धुके होऊन, वायू हलका असूनही, जमिनीलगत पसरते. अशा वेळी वाऱ्याच्या दिशेला काटकोनात चालत बाहेर पडावे.

उपायही पाणीच. डोळे किमान पंधरा मिनिटे सतत धुवावेत. व्हिनेगर किंवा लिंबू मुळीच लावू नये. द्रवाने गोठून त्वचेला चिकटलेले कपडे ओढू नयेत, आधी भरपूर पाण्याने सैल करावेत. श्वासातून वायू गेलेल्या माणसाला बरे वाटत असले, तरी रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांत पाणी साचण्याची लक्षणे काही तासांनंतरही दिसू शकतात.