दोर खेचण्याआधी: अवघड कॅन्यनिंगची तयारी खान्देशात राहून कशी करायची?

राम राम मंडळी! जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोरापोरींचा एक प्रश्न मला सारखा येतो. ताई, सांदण दरी उतरलो, पावसाळ्यात धबधब्यावर रॅपलिंग केलं, म्हणजे दोरावरून उतरलो, आता पुढे काय? कॅन्यनिंग, म्हणजे दोराने आणि पाण्यातून अरुंद घळी उतरणं, त्यातल्या अवघड, टेक्निकल घळी करायच्या तर सुरुवात कुठून करू?

मी उलट विचारते. सांदणला तुम्ही उतरलात तेव्हा अँकर, म्हणजे दोर अडकवायचा वरचा आधार, कोणी लावला होता? दोर किती लांब सोडायचा हे कोणी ठरवलं? तुम्ही मध्येच अडकला असतात, केस डिसेंडरमध्ये, म्हणजे उतरताना वेग आवरणाऱ्या साधनात, गुंतले असते, तर तुम्हाला तिथून कोण सोडवणार होतं? या तिन्हींचं उत्तर "ग्रुपचा लीडर" असेल, तर तुम्ही दरी बघून आलात, आणि छान केलंत. पण अवघड घळीची तयारी अजून सुरू व्हायची आहे.

[हातात दोराची दोन्ही टोकं]

हे बघा. घळीत दोर वरच्या कडीतून ओवलेला असतो. शेवटचा माणूस खाली आला की आपण एक टोक ओढतो आणि सगळा दोर खाली येतो. तो खाली आला की मागचा रस्ता बंद. वर तीस फुटांचा गुळगुळीत ओला कातळ, पुढे न पाहिलेली उतरंड. ट्रेकला वाटलं तर मागे फिरता येतं, किल्ल्यावर फिरता येतं, घळीत फिरता येत नाही. म्हणून या खेळातलं खरं कौशल्य उतरण्याचं नाही, अडकलेलं सोडवण्याचं आहे. आणि ते दोर खेचण्याआधी अंगात असावं लागतं.

आता "अवघड" म्हणजे काय, ते पटकन सांगते. अमेरिकन पद्धतीत घळीला तीन खुणा देतात. १ ते ४ हा आकडा दोरकामाचा: १ म्हणजे नुसतं चालणं, ३ म्हणजे रॅपलिंग लागणार, ४ म्हणजे अवघड चढाई किंवा गुंतागुंतीचं दोरकाम. मग ए, बी, सी ही पाण्याची अक्षरं: ए कोरडी, बी म्हणजे साठलेल्या पाण्यात पोहावं लागेल, सी म्हणजे वाहतं पाणी. आणि रोमन आकडा वेळेचा. फ्रेंच पद्धतीत उभ्या कड्याला आणि पाण्याला १ ते ७ असे वेगवेगळे गुण असतात. एवढं कळलं तरी एक गोष्ट लक्षात येते. कड्याची उंची वेगळी आणि पाणी वेगळं. शंभर फुटांचा कोरडा कडा एखाद्याला सहज जमतो, आणि तोच माणूस वीस फुटांच्या वाहत्या धारेखाली घाबरून गारठतो. दोन्ही एकदम वाढवायचं नाही. आधी कोरडं, मग साठलेलं पाणी, मग वाहतं.

कोरड्याची शाळा घराजवळच भरते. शेतातलं एखादं जुनं चिंचेचं झाड बघा, जाड आणि जिवंत फांदी असलेलं. जमिनीपासून माणूसभर उंचीवर लटका आणि तिथे दोन कामं शिका. पहिलं, उतरता उतरता थांबून, त्याच दोरावर प्रुसिक (दोराला आवळून धरणारी बारीक दोरीची गाठ) लावून परत वर चढणं. दुसरं, दोरावर लटकलेल्या दुसऱ्या माणसाचं वजन स्वतःच्या हार्नेसवर (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांवर) घेऊन त्याला खाली आणणं. हे काम घाईचं असतं. हार्नेसमध्ये निपचित लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो, तुम्ही पुस्तक उघडून वाचत बसू शकत नाही. म्हणून झाडावर डोळे मिटून करा, हातमोजे घालून करा. मी मुलांना बादलीत बर्फ टाकून हात बुडवायला लावते आणि मग मुंटर-म्यूल, म्हणजे वजन असतानाही सोडता येणारी गाठ, बांधायला सांगते. पाण्यात गारठलेली बोटं गाठ विसरतात, हे खान्देशातल्या चव्वेचाळीस अंशाच्या उन्हात सांगून कोणाला पटत नाही, बादलीतून हात काढल्यावर पटतं.

आता आजची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इथे थोडी थांबणार आहे.

[अँकरवर लावलेला एट, म्हणजे इंग्रजी 8च्या आकाराचं धातूचं डिसेंडर, जवळून]

बहुतेक ठिकाणी दोर अँकरला गाठ मारून पक्का बांधतात आणि माणसाला सोडतात. तो मध्ये अडकला तर वरच्याला काही करता येत नाही, कारण गाठीवर वजन आहे. त्याऐवजी दोर कडीतून घेऊन इथे एटमध्ये लॉक करायचा. उतरणाऱ्याला फरक जाणवत नाही, त्याला दोर पक्काच वाटतो. पण तो अडकला की मी लॉक काढते आणि त्याला दोरासकट हळूहळू खाली सोडते. हिशेब मात्र आधी करावा लागतो. कडा तीस मीटरचा आणि दोर साठ मीटरचा असेल, तर तीस मीटर खाली गेला, तीस वर पिशवीत राहिला. म्हणजे अगदी वरच्या टोकाला अडकलेल्यालाही मी तळापर्यंत पोचवू शकते. चाळीस मीटरचा दोर आणलात तर फक्त दहा मीटर शिल्लक, माणूस अधांतरी. शेवटचा माणूस उतरण्याआधी ही रचना बदलतो, म्हणजे दोर खालून खेचून काढता येतो. ही अदलाबदल चुकली तर दोर वरच राहतो, किंवा त्याहून वाईट घडतं. म्हणून शेवटी उतरणारा माणूस गटातला कसलेला हवा.

पहिला कोण? तोही कसलेला. त्याला तळ दिसलेला नसतो. शिकाऊ मध्ये. तुम्ही मधून सुरुवात करा, मग शेवटच्याच्या शेजारी उभं राहून त्याचे हात बघा, मग त्याच्या नजरेखाली स्वतः शेवटचे उतरा, आणि पहिलं जाणं सगळ्यात उशिरा. ओळखीच्या सोप्या घळीत या चारही जागांवर काम केल्याशिवाय अनोळखी घळ नको. घरी आलात की वहीत लिहा: अँकर कशाचा होता, पाणी कुठवर होतं, दोर कुठे अडला. "मजा आली" एवढंच लिहायचं असेल तर वही नकोच.

वाहत्या पाण्याचे नियम कोरड्याच्या उलटे आहेत, आणि यात चांगले चांगले चुकतात. कोरड्या कड्यावर आपण डिसेंडरखाली ऑटोब्लॉक, म्हणजे आपोआप आवळणारी गाठ, लावतो, हात सुटला तरी माणूस थांबतो. धारेखाली थांबणं हाच धोका. पाणी डोक्यावर कोसळतंय, ऑटोब्लॉक आवळलाय आणि माणूस तिथेच बुडतोय, असं होऊ शकतं. तसंच दोराच्या टोकाला गाठ. कोरड्यात मारायची, खोल वाहत्या डोहात मारायची नाही. तिथे दोर पाण्याला टेकेल इतकाच सोडायचा, म्हणजे माणूस टोकावरून सरळ घसरून सुटतो. डोहात पडलेला जास्तीचा दोर पायात गुंततो. आणि धबधब्याच्या तळाशी पाणी मागे फिरतं, तिथे पोहून सुटायला ताकद नाही, दिशा लागते. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्यांना मी सांगते, आता बूट, कपडे, हेल्मेट घालून पोहा. दमछाक कशी होते ते कळेल. शिट्टीच्या खुणा आधी ठरवा, धारेच्या आवाजात हाक पोचत नाही, आणि प्रत्येक गटाच्या खुणा वेगळ्या असतात.

आता आपल्या कातळाबद्दल. सह्याद्री, सातमाळा, सातपुडा, सगळीकडे बेसाल्टचे थरावर थर. पण सगळे थर सारखे नाहीत. घट्ट काळ्या थरावर हातोडीने ठोकलं तर टणटणीत वाजतं. जाळीदार, पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या थरावर ठोकलं तर आवाज बसका येतो. आणि दोन थरांच्या मधली ती तांबडी माती, ती नखाने उकरता येते. तिथे बोल्ट मारलात तर तो दिसायला अँकर, कामाला काही नाही. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब रांगा दिसतात ना, त्या डाइक. दगड कठीण, पण भेगाळलेला असतो, ठोकळे सुटे निघतात. ठोकून ऐका, मगच भार द्या. आणि दोन अँकर स्लिंगने, म्हणजे मजबूत पट्ट्याच्या फाशाने, जोडता तेव्हा मधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. १२० अंशांना प्रत्येक अँकरवर पूर्ण वजन येतं, म्हणजे दोन लावून भार वाटला गेलाच नाही.

वर बघायलाही शिका. कड्यावर काळी लोंबती पोळी दिसली की ती आग्या मोहोळं. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको, आणि पोळं रेषेत असेल तर ती घळ त्या दिवशी सोडून द्या.

आणि पाऊस. पाटणादेवीचे धबधबे, केदारकुंड, धवलतीर्थ, यांचं पाणी वरच्या कन्नडच्या पठारावरून येतं. खाली चाळीसगावला लख्ख ऊन असतं आणि वर ढग फुटलेला असतो. ३१ ऑगस्ट २०२१ आठवा. कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तितूर-डोंगरी नद्यांना पूर आला, चाळीसगावात पाणी शिरलं. इथला एक म्हातारा गुराखी मला म्हणाला होता, "वर पानी पडनं का खाले उनंच समज." म्हणजे वर पाणी पडलं की खाली आलंच समज. हे जगात सगळीकडे खरं आहे. २७ जुलै १९९९ ला स्वित्झर्लंडच्या साक्सेटेनबाखमध्ये असाच अचानक लोंढा आला आणि २१ जण गेले. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल कॅन्यनमध्ये सातही जणांचा गट गेला. घळ अरुंद असली की पाणी पसरत नाही, वर चढतं. म्हणून उतरण्याआधी नकाशावर त्या नाल्याला पाणी पुरवणारं सगळं क्षेत्र बघा, आणि तिथलं हवामान बघा. आपल्या गावाचं बघून उपयोग नाही. शिकाऊ गटाने भर पावसाळ्यात घळीत उतरूच नये. पाऊस सरला की धार उतरते, डोह भरलेले राहतात, शिकायला तो काळ चांगला.

पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. वनखात्याची परवानगी घ्या, आणि कातळात बोल्ट ठोकू नका. झाडाला, मोठ्या दगडाला स्लिंग लावून शिकता येतं, आणि तसंच शिकावं.

बाहेर कुठे जायचं? दोरकामाचा पाया नीट घालायचा असेल तर उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनीअरिंग किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट, यांचा बेसिक कोर्स करा. वाहत्या पाण्याची सवय अनुभवी माणसांबरोबर हवी असेल तर नेपाळ जवळ आहे. सुंदरीजल, जलबिरे या घळींत गाइडबरोबर उतरता येतं. आणि पुढचं स्वप्न बघायचंच असेल तर रीयुनियन बेटाचं बघा. हिंदी महासागरातलं हे फ्रेंच बेट अवघड घळींसाठी जगभर ओळखलं जातं. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतावर ते उभं आहे, त्यातूनच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा लाव्हा आला, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. दगड ओळखीचा असेल. पाणी मात्र फ्रेंच गुणांनी मोजलेलं असेल, ते वाचून जा.

पुढच्या भागात चिंचेच्या झाडावर प्रुसिकने चढणं आणि एटचं लॉक लावणं-काढणं सावकाश दाखवणार आहे. तोवर सहा मिलिमीटरची दोरी आणा, दीड मीटरचे दोन तुकडे कापा आणि प्रुसिकची गाठ एवढी घोटा की अंधारातही ती बरोबर बसेल.