किशोरदा, इंदूरची चिंच आणि त्यांनीच लिहिलेलं गाणं

हे आपल्या इंदूरचं ख्रिश्चन कॉलेज, १८८७ सालचं. १९४६ मध्ये खंडव्याहून आभासकुमार गांगुली नावाचा मुलगा, म्हणजे पुढचे गायक-नट किशोरकुमार, आपले किशोरदा, इथे शिकायला आला, वडील वकील, मोठा भाऊ अशोककुमार तोवर सिनेमात केवढा मोठा झालेला, आणि ह्याचं लक्ष वर्गात कमी आणि बाहेर चिंचेखाली गाणी म्हणण्यात जास्त, असं सांगतात. कँटीनची उधारी राहिली म्हणे पाच रुपये बारा आणे, तोच आकडा पुढे १९५८ ला 'चलती का नाम गाडी'तल्या गाण्यात आला.

आता ही गाडी बघा. इंदूरजवळचं पातालपाणी ते कालाकुंड, मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एकच मीटर अंतर. आज फिरायला येणाऱ्यांसाठी चालते, पण तेव्हा इंदूरहून खंडव्याला जायची लाइन हीच, हाच घाट. बोगद्यात पोरं ओरडतायत, आवाज कसा फिरून येतो ऐका, म्युझिक मुद्दाम ठेवलं नाहीये.

रीतसर गाणं किशोरदा शिकलेच नाहीत. यॉडलिंग आलं ते भाऊ अनूपकुमारांकडच्या विदेशी रेकॉर्ड ऐकून. छातीतला आवाज मध्येच तोडायचा आणि एकदम वरच्या बारीक आवाजात उडी मारायची, घरी करून बघा, दुसऱ्या मिनिटाला घसा धरतो.

१९४८ ला 'जिद्दी'त खेमचंद प्रकाशांनी पहिलं सोलो गाणं दिलं. मग हीरो, कॉमेडी, 'हाफ टिकट', 'पडोसन', ते सगळ्यांना पाठ आहे. आम्हाला सांगायचंय ते १९६४ चं. 'दूर गगन की छांव में'. निर्माते तेच, डायरेक्शन त्यांचं, संगीत त्यांचं, हीरो तेच, आणि पडद्यावरचा मुका मुलगा म्हणजे त्यांचाच अमितकुमार. लढाईवरून परत आलेला बाप, घर जळालेलं, पोराची वाचा गेलेली. त्यातलं 'आ चल के तुझे' लिहिलंय पण किशोरदांनीच! एक शब्द अवघड नाही, पोराला कडेवर घेऊन बोलावं तसं. राजवाड्यासमोर आम्ही विचारलं हे कुणी लिहिलं, तर गुणगुणले सगळे, नाव एकालाही सांगता आलं नाही, बघाच.

पुढे १९६९ चं 'आराधना', गाण्यासाठी एकूण आठ फिल्मफेअर, आणीबाणीत त्यांच्या गाण्यांना आकाशवाणी-दूरदर्शनवर बंदी. १९८७ ला मराठीत 'गंमत जंमत'साठी गायले आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला गेले.

ही खंडव्यातली समाधी. आणि ही दूध-जलेबी, चाहते आणून ठेवतात, त्यांना आवडायची म्हणून.