सोयाबीन कुठे कुठे असतं

(दृश्य : लातूरचा आडत बाजार, ऑक्टोबर. पिवळे ढीग, हमाल, वजनकाटा.)

दसऱ्याच्या आसपास लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात. मराठवाडा आणि विदर्भाचा खरीप आज बराचसा या पिकावर उभा आहे. साठेक वर्षांपूर्वी ते इथे जवळपास नव्हतंच. १९६०च्या दशकात अमेरिकेतून पिवळ्या सोयाबीनची वाणं आली, जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत त्यांच्या चाचण्या झाल्या. मग ते मध्य प्रदेशात पसरलं आणि महाराष्ट्रातही. इथे बोलणं होतं ते भावाचं आणि ओलाव्याचं. हे धान्य खाण्याचं आहे, हा विषय इथे फारसा निघत नाही. काहींना त्याची ॲलर्जी असते, हा तर नाहीच.

त्याला कारण आहे. बहुतेक माल कारखान्यात जातो. दाण्यात साधारण २० टक्के तेल आणि ४० टक्के प्रथिनं असतात. तेल काढून घेतलं की उरते ती पेंड. बरीचशी पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. माणसांसाठी वेगळ्या प्रतीचा माल ठेवतात. तो पीठ होतो, वड्या होतो, प्रोटीनची भुकटी होतो.

तेल एकीकडे गेलं आणि प्रथिन दुसरीकडे. आजच्या विषयात ही वाटणी महत्त्वाची, कारण सोयाबीनची ॲलर्जी असते ती प्रथिनांची. पूर्ण रिफाइंड केलेल्या सोयाबीन तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, त्यामुळे बहुतेक रुग्णांना ते चालतं. घाण्याच्या किंवा कोल्ड प्रेस्ड तेलाबद्दल असं म्हणता येत नाही. ‘शुद्ध, नैसर्गिक’ म्हणून महाग घेतलेलं तेल इथे जास्त धोक्याचं ठरू शकतं!

(दृश्य : स्वयंपाकघर. वाटीत भिजवलेली आमसुलं.)

ॲलर्जी म्हणजे काय? एरवी जंतूंशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती सोयाच्या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवते. पुढच्या वेळी ते प्रथिन पोटात गेलं की हिस्टामिन आणि इतर रसायनं सुटतात. काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत त्रास दिसू लागतो. ओठ-जीभ खाजतात, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, पोटात कळ येते, उलटी होते.

अंगावर पित्त उठलं की आपल्याकडे आमसुलाचं पाणी लावतात. लावा, खाज शमेल. पण त्याचबरोबर आवाज घोगरा झाला, खोकला थांबेना, धाप लागली, पोर एकाएकी मलूल पडलं, तर तो आमसुलाचा विषय राहत नाही. त्याकडे आपण पुढे येणार आहोत.

आणि सोयाच्या वड्या खाल्ल्या की पोट फुगतं, गॅस होतो, ही ॲलर्जी नव्हे. त्या दाण्यातल्या काही शर्करा आपल्या आतड्यात पचत नाहीत, एवढंच. त्रासदायक आहे, जीवघेणं नाही.

(दृश्य : समुद्र, बंदर, धान्याची उंच कोठारं.)

आता थोडं लांब जाऊ, स्पेनमधल्या बार्सिलोनाला. १९८१ ते १९८७ या काळात या शहरात अधूनमधून असा एखादा दिवस उजाडायचा, की काही तासांत दम्याचे रुग्ण एकामागून एक इस्पितळांत येऊन थडकायचे. असे २६ उद्रेक नोंदले गेले. डॉक्टरांनी हवेतलं प्रदूषण तपासलं, परागकण तपासले, हवामान तपासलं. शेवटी बंदरातल्या जहाजांच्या नोंदी काढल्या तेव्हा धागा सापडला. उद्रेकाच्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं. एका कोठाराला धूळ अडवणाऱ्या गाळण्या नव्हत्या, आणि टरफलांची बारीक धूळ वाऱ्याबरोबर वस्तीत शिरत होती. गाळण्या बसवल्या आणि उद्रेक थांबले. हे संशोधन १९८९ साली प्रसिद्ध झालं.

टरफलातली ही प्रथिनं वेगळी आणि खाण्यातून त्रास देणारी दाण्यातली वेगळी. म्हणून बाजारात धूळ खाणाऱ्या प्रत्येकाला सोया वर्ज्य आहे, असा अर्थ यातून काढू नये. मळणीच्या दिवसांत दरवर्षी दमा उसळत असेल तर मात्र डॉक्टरांना आपलं काम काय ते आवर्जून सांगावं. हे सांगायचंच राहून जातं.

दुसरी गोष्ट स्वीडनची, आणि ती थेट ताटातली आहे. १९९३ ते १९९६ या वर्षांत तिथल्या डॉक्टरांनी अन्नामुळे आलेल्या ६१ गंभीर रिॲक्शन नोंदवल्या. त्यांत पाच मृत्यू होते. त्याआधीच्या वर्षभरातल्या आणखी दोन घटना धरल्या, तर चार मृत्यूंमागे सोया निघाला. या मुलांना दमा होता, शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी होती. सोयाही आपल्याला बाधतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी खाल्लं होतं मांस. हॅम्बर्गरसारख्या त्या पदार्थांत थोडं सोया प्रथिन मिसळलेलं होतं.

(दृश्य : बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू. कॅमेरा अक्षरांच्या अगदी जवळ.)

आपल्याकडे पाकीटबंद पदार्थांवर ॲलर्जीची माहिती छापणं बंधनकारक आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलिंग नियमांत दूध, अंडी, मासे, शेंगदाणे यांच्याबरोबर सोयाबीनही आहे. घटकांच्या यादीखाली ‘कन्टेन्स सोया’ ही ओळ शोधायची. ‘मे कन्टेन सोया’ असेल तर पदार्थात सोया घातलेला नाही, पण त्याच कारखान्यातून तो चुकून मिसळू शकतो. यादीत ‘इमल्सिफायर ३२२’ दिसेल. ते लेसिथिन, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा घटक, बहुतेकदा सोयाचा. त्यात प्रथिन अगदी नाममात्र असतं आणि बऱ्याच रुग्णांना ते सोसतं. तरी तुमच्यापुरता निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. चॉकलेट, बिस्किटं, पाव, मल्टिग्रेन आटा, प्रोटीन पावडर, फ्रोझन कबाब, हे सगळं उलटून वाचायचं. ओळखीचा ब्रँड असला तरी दर वेळी, कारण कंपन्या घटक बदलतात.

पण खरी पंचाईत लेबल नसलेल्या ठिकाणी आहे.

(दृश्य : पिठाची गिरणी. पट्ट्याचा आवाज. नंबर लावून ठेवलेले डबे.)

पोळ्या पौष्टिक व्हाव्यात म्हणून दळणात सोयाबीन घालण्याची पद्धत आता घरोघरी आहे. नऊ-दहा किलो गव्हाला किलोभर, हे प्रमाण गिरणीवाल्यालाही पाठ असतं. एक डबा संपतो, लगेच दुसरा ओतला जातो. जात्यात आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत आधीचं पीठ उरलेलं असतंच. म्हणजे तुम्ही निव्वळ गहू दिलात तरी डब्यात शेजारच्यांचा सोया थोडासा उतरतो. याला कुठलंही लेबल नाही.

उपाय मात्र आपल्या बायकांना जुनाच माहीत आहे. ‘आमचं दळण गव्हावर टाका, बाजरीवर नको,’ हे वाक्य प्रत्येक गिरणीत रोज ऐकू येतं. त्यात सोयाबीनची भर घालायची, कारण सांगायचं, आणि सुरुवातीचं पीठ बाजूला काढायला लावायचं. ॲलर्जी तीव्र असेल तर एवढ्यावर भागत नाही. त्या घराने घरघंटी घेतलेली बरी. भाजणीचंही हेच. विकतच्या थालीपीठाच्या भाजणीत सोयाबीन असू शकतं.

चायनीजच्या गाडीवर तर विचारण्यातही अर्थ नाही. एकच कढई, एकच झारा, आणि सोया सॉस जवळपास सगळ्यात. हॉस्टेलच्या मेसमध्ये पुलावात वड्या असतात, खिम्यात चुरा असतो. वड्या बाजूला काढून उरलेला भात खाणं हा उपाय नव्हे, रस्सा आणि भात त्याच प्रथिनात शिजलेले असतात. अंगणवाडी आणि शाळेच्या खाऊबद्दल शिक्षिकेला लेखी द्यावं. तोंडी सांगितलेलं बदली शिक्षिकेपर्यंत पोचत नाही.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक खास गोष्ट. उत्तर आणि मध्य युरोपात वसंतात बर्च झाडाचे परागकण उडतात. त्यांची ॲलर्जी जडलेल्या काहींना सोया मिल्क पिताच तोंड खाजतं, कधी घसाही सुजतो. परागातलं आणि सोयातलं एक प्रथिन एकमेकांसारखं असल्यामुळे हे होतं. भारतात असताना सोया निमूट पचत होता, म्हणून तिथेही पचेलच असं नाही.

(दृश्य : ॲलर्जी तज्ज्ञांचा दवाखाना. हातावर टोचण्याची चाचणी.)

निदानाची सुरुवात होते ती तुमच्या सांगण्यातून. काय खाल्लं, किती, किती वेळाने काय झालं. मग त्वचेवरची प्रिक टेस्ट किंवा रक्तातल्या आयजीईची तपासणी. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी आहेच, असं नव्हे. खाऊन काही होत नसेल तर नुसत्या कागदावरून पदार्थ तोडू नये. सोयाबीन कडधान्याच्या कुळातलं, त्यामुळे चाचणीत तूर, मूग, हरभरा, शेंगदाणाही किंचित पॉझिटिव्ह दिसू शकतात. अशा रिपोर्टवरून शाकाहारी घरातल्या मुलाचं वरण बंद करणं हा त्या मुलावर अन्याय आहे. आणि शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी (आयजीईहून वेगळ्या प्रतिपिंडांची) तपासणी विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. ती ॲलर्जी सांगत नाही.

आता मघाचा मुद्दा. श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली, किंवा अंगावर पित्त आणि उलट्या एकदमच सुरू झाल्या, तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, असू शकते. त्यावरचं औषध ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ॲलर्जीची साधी गोळी त्याची जागा घेत नाही. आपल्याकडे तयार पेन सहज मिळत नाही, म्हणून इंजेक्शन घरी ठेवायचं का, वजनाप्रमाणे किती भरायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि समोर करून बघा. रुग्णाला आडवं ठेवा, पाय उंच करा. धाप फार असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करून चालवू नका. १०८ला फोन करा. बरं वाटलं तरी इस्पितळात काही तास थांबायचं, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

(दृश्य : रंगीत भिंतींचा बालविभाग. टेबलावर लहान-लहान कप.)

लहान मुलांच्या बाबतीत बातमी बरीचशी चांगली आहे. अमेरिकेतल्या १३३ मुलांच्या एका अभ्यासात वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत ४५ टक्के आणि दहाव्या वर्षापर्यंत ६९ टक्के मुलांची सोयाची ॲलर्जी गेलेली असेल, असा अंदाज निघाला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. तेव्हा एकदा लागलेला शिक्का जन्मभराचा मानू नये, ठरावीक काळाने पुन्हा तपासावं. ॲलर्जी गेली का, याची खात्री पटते ती इस्पितळातल्या फूड चॅलेंजने. आधी चिमूटभर सोया देतात, थांबतात, बघतात. मग थोडा जास्त, पुन्हा थांबतात. औषधं हाताशी असतात आणि शेवटच्या घासानंतरही काही तास घरी सोडत नाहीत. हा प्रयोग घरी करायचा नाही, कोणी कितीही धीर दिला तरी. आणि मूल त्यात पार झालं, तर भीतीपोटी सोया पुन्हा टाळत बसू नका. डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात तो त्याच्या जेवणात नियमित येऊ द्या.