वावरातून फोन सातला यायचा

श्रोतेहो, नमस्कार.

विदर्भातल्या शाळा 26 जूनच्या सुमारास उघडतात. 2020 साली तारीख आली, सत्र सुरू झालं, पण कोरोनामुळे शाळेचं कुलूप निघालं नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असं राज्याच्या उपक्रमाचं नाव होतं आणि ते शिक्षण मुलापर्यंत न्यायचं साधन होतं फोन. आता गावात फोन असतो कुणाच्या खिशात? बापाच्या. जून-जुलैत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, डवरणी, निंदण, फवारणी चाललेली. बाप सकाळी वावरात गेला की त्याच्याबरोबर फोनही गेला. तो दिवेलागणीला परत येणार, हातपाय धुणार, मग सातच्या पुढं लेकराच्या हाती फोन लागणार. साडेनऊला लेकरू झोपलं. म्हणजे शाळेची खरी वेळ सात ते साडेनऊ एवढीच.

नेमक्या त्याच वेळी शिक्षिकेच्या घरी चुलीवर किंवा गॅसवर भाकरी असते, सासूबाईंची रात्रीची गोळी असते, आणि तिचं स्वतःचं पोरगं 'आई, मला गणित समजलं नाही' म्हणत पदराशी उभं असतं. महामारीत शिक्षकांच्या घरी काय झालं, हे सांगायचं तर या अडीच तासांपासूनच सांगावं लागतं. बाकीच्या अडचणी पुष्कळ होत्या, पण घराची घडी विस्कटली ती इथं.

ग्रामीण शिक्षणाच्या 'असर' या पाहणीनं 2020 मध्ये नोंदवलं की ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी 61.8 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. दोन वर्षांपूर्वी, 2018 मध्ये, हेच प्रमाण 36.5 टक्के होतं. वाढ मोठी आहे. पण घरात फोन आहे एवढंच त्या आकड्यातून कळतं. तो किती वाजता लेकराला मिळतो, ते शिक्षकालाच ठाऊक असायचं.

यावर अनेक शिक्षकांनी एक साधा उपाय काढला, आणि माझ्या मते त्या काळातला तो सगळ्यांत शहाणा उपाय होता. त्यांनी कामाचे दोन भाग केले. ऐकायचं काम संध्याकाळी, दाखवायचं काम सकाळी. संध्याकाळी मुलानं पाठ ऐकायचा आणि वहीत लिहून ठेवायचं. वहीचा फोटो मात्र रात्री काढायचा नाही. सकाळी सहा ते सात, बाप वावरात जायच्या आधी, दारात उजेडाकडे वही धरून काढायचा. रात्री बल्बखाली काढलेल्या फोटोत हाताची सावली वहीवर पडते, पेन्सिलीचं अक्षर दिसत नाही, आणि शिक्षिकेला तोच फोटो तीनदा मागावा लागतो. सकाळच्या उजेडात एका फोटोत काम होतं. तीस मुलं आणि प्रत्येकी दोन पानं धरली तर साठ फोटो. रात्री आठला साठ फोटो येणं आणि सकाळी सातला येणं, यात घरच्यांच्या जेवणाचा फरक आहे. पानाच्या उजव्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक आणि तारीख लिहायला लावायची, कारण व्हॉट्सॲपच्या गटात फोटो 'बाबा', 'रामभाऊ पंप' अशा कुठल्याही नावानं येतो आणि वही कुणाची तेच कळत नाही. फोनमध्ये फोटो आपोआप उतरण्याची सोय बंद ठेवायची, नाहीतर महिन्याभरात फोन भरतो आणि ऐन वेळी रेकॉर्डिंग अडतं.

आता पाठ तयार करण्याबद्दल. सुरुवातीला सगळ्यांनीच हौसेनं व्हिडिओ केले. पण फोनच्या कॅमेऱ्यावर चांगल्या दर्जात घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ 100 एमबीच्या आसपास जातो, आणि व्हॉट्सॲपवर तेव्हा व्हिडिओला 16 एमबीची मर्यादा होती. ॲप तो व्हिडिओ दाबून लहान करायचं, त्यात फळ्यावरच्या वेलांट्या आणि अनुस्वार पुसले जायचे. 'दिन' आणि 'दीन' लेकराला सारखेच दिसणार. व्हिडिओ हवाच असेल तर रेकॉर्डिंगचा दर्जा आधीच कमी लावायचा, अक्षर चार बोटं उंच काढायचं, फळ्यावर एका वेळी तीनच ओळी, आणि तीन मिनिटांच्या आत संपवायचं. खिडकी फोनच्या पाठीशी असावी. खिडकी समोर आली की फळा काळा आणि बाईंचा चेहराही काळा. फोन उभा करायला पुष्कळांनी गव्हानं भरलेली पायली वापरली. युक्ती चांगली, पण धान्याची भुकटी चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते आणि पुढं पिन नीट लागत नाही. खालच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रबर लावलं की प्रश्न मिटतो.

सगळ्यांत उपयोगी ठरली ती आवाजाची नोट. दोन मिनिटांची नोट 1 एमबीच्याही आत राहते. रोजचा दीड जीबी डेटा संपून इंटरनेट रांगायला लागलं तरी ती पोचते. अडचण एकच, घरातला आवाज. कूलर सुरू असेल तर नोटेत नुसती घरघर. जून-जुलैच्या उकाड्यात कूलर बंद करून खोलीत बसणं म्हणजे काय, ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पत्र्याचं घर असेल तर पावसाची एक सर आली की काम संपलं. म्हणून रेकॉर्डिंगची वेळ पहाटे साडेपाच ते साडेसहा. खाट उभी करून तिच्यावर गोधडी टांगायची आणि तिच्याकडे तोंड करून बोलायचं. आवाजाचा घुमारा जातो आणि लेकराला शब्द स्वच्छ ऐकू येतो.

रेंज असलेल्या गावांपुरतं हे ठीक. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरातल्या, गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीच्या आतल्या कितीतरी गावांत रेंजच नव्हती. शिवाय मुलांच्या घरी कोरकू, गोंडी, माडिया बोलतात. प्रमाण मराठीतली दोन मिनिटांची नोट तिथं तशीही रुजली नसती. तिथं शिक्षकाला जावंच लागलं. मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली पाच-पाच मुलं, अंतर ठेवून. आणि जिथं फोन नव्हता तिथं हा तुमच्या समोरचा रेडिओ होता. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम त्याच काळात सुरू झाला. आजोबांचा संच ओट्यावर आणून चार घरची मुलं ऐकायची. कार्यक्रम संपल्यावर शिक्षकानं साधा फोन करून दोनच प्रश्न विचारले तरी मूल पुढच्या वेळी कान देऊन ऐकतं. प्रश्न विचारणारं कुणी नसलं की ऐकणं चार दिवसांत सुटतं.

शिक्षकाच्या स्वतःच्या मुलांचं काय? ही बाजू फारशी बोलली गेली नाही, म्हणून मुद्दाम सांगते. पोरगं तालुक्याच्या शाळेत, त्याचा वर्ग सकाळी दहाला झूमवर. मोफत झूम 40 मिनिटांनी बंद पडतं, पुन्हा जोडावं लागतं. घरात चांगला फोन एक. तो मुलाकडे दिला की शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचा फोन येतो, वर्गाचा आवाज तुटतो, मूल वैतागतं. यावर काम करणारी तोड अशी होती: रोजचं सिम काढून जुन्या बटणाच्या फोनमध्ये टाकायचं आणि स्मार्टफोनमध्ये डेटापुरतं दुसरं सिम ठेवायचं. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहतं. मात्र 'नंबर बदलायचा का' असं ॲपनं विचारलं तर 'नाही' म्हणायचं. फोन येतो तो बटणाच्या फोनवर, वर्ग अखंड. वर्गानंतर मुलाशी अर्धा तास बसायचा, आणि तो अर्धा तास दुपारी, जेवणानंतर ठरवूनच ठेवायचा. रात्री बघू म्हटलं की तो गेलाच. दुसऱ्यांच्या तीस लेकरांना शिकवणाऱ्या आईचं स्वतःचं लेकरू मागं पडतंय, हे दुःख त्या काळात किती घरांत होतं!

शिकवणं एकीकडे आणि ड्यूटी दुसरीकडे. शिक्षकांना नाक्यावर बसवलं, रेशन दुकानावर उभं केलं, विलगीकरणासाठी घेतलेल्या शाळांमध्ये नेमलं. 15 सप्टेंबर 2020 पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताईंबरोबर घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचा, पथकाला दिवसाला 50 घरं. या मोजण्यात चुका कशा होतात ते सांगायलाच हवं, कारण ऑक्सिमीटर आता बऱ्याच घरांत आहे. माणूस उन्हातून आला असेल तर कपाळावर धरलेली तापाची बंदूक जास्त आकडा दाखवते. कपाळाला घाम असेल तर कमी. म्हणून सपरीत किंवा सावलीत दहा मिनिटं बसवायचं, कपाळ कोरडं करायचं, मगच मोजायचं. बंदूक अंगाच्या तापावर लावली आहे की वस्तूच्या तापमानावर, तेही बघायचं. ऑक्सिमीटर उन्हात चुकतो, गार बोटावर चुकतो, नखाला गडद पॉलिश किंवा दाट मेंदी असली तरी चुकू शकतो. पाच मिनिटं विसावा, बोट चोळून गरम, हात छातीच्या उंचीवर स्थिर, आणि आकडा थांबेपर्यंत वाट. 95 च्या खाली आला तर दुसऱ्या बोटावर पुन्हा. तरीही खालीच राहिला तर घरी थांबायचं नाही. आणि बरं वाटत असलं तरी सहा मिनिटं खोलीत चालून पुन्हा मोजायचं. आकडा तीननं किंवा जास्त उतरला तर तेही दवाखान्यात जाण्याचं कारण.

ड्यूटीवरून घरी परतल्यावर काय करायचं, यात खेड्यातलं घर शहरातल्या फ्लॅटपेक्षा बरं. मागच्या दारानं यायचं आणि सरळ परसातल्या नहाणीत. आधीच भरून ठेवलेल्या बादलीत साबणाचं पाणी. कपडे त्यात अर्धा तास. पाणी गुंडातून, म्हणजे पाण्याच्या मोठ्या भांड्यातून, काढून ठेवलेलं असावं, म्हणजे हात न धुता गुंडाला शिवावं लागत नाही. चष्मा आणि किल्ली साबणानं. फोनवर सॅनिटायझर ओतायचं नाही, फडक्याला लावून पुसायचं. दाराची कडी, ओटा यांसाठी ब्लीचिंग पावडर: 33 टक्के क्लोरीनची पावडर असेल तर लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम, म्हणजे साधारण 1 टक्क्याचं द्रावण होतं. गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी वापरायचं. पुडी उघडी राहिली की तिचा जोर जातो, म्हणून रोजचं द्रावण रोज. ते संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. आणि माणसाच्या अंगावर तर मारायचंच नाही. एप्रिल 2020 मध्येच केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं तशी सूचना दिली होती, तरी गावोगावच्या वेशीवर फवारे चाललेच.

शालेय पोषण आहाराचा शिधाही शिक्षकांनीच वाटला. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला 150 आणि 30. समजा पहिली ते पाचवीची 17 मुलं आणि 30 दिवस, तर तांदूळ लागतो 51 किलो. पोतं 50 किलोचं, त्यात सांडण्याची घट. शेवटच्या माउलीच्या पिशवीत तांदूळ कमी पडतो आणि बोल गुरुजींना. आधीच 17 पिशव्या वजन करून बांधून ठेवल्या तर तूट सुरुवातीलाच दिसते आणि वाटायच्या दिवशी भांडण होत नाही. बांधायला घरची माणसं बसायची, हेही खरं.

पैशाची ओढही झाली. मार्च 2020 चा पगार सरकारनं दोन टप्प्यांत दिला. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे हाल त्याहून वाईट; कित्येकजण शेतमजुरीला गेले. रिझर्व्ह बँकेनं कर्जाचे हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली होती, पण त्या महिन्यांचं व्याज चढतच होतं. ज्यांचा पगार चालू होता त्यांनी हप्ता भरत राहणंच हिताचं ठरलं.

फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळकडे लाट पुन्हा उसळली. नुकत्याच उघडलेल्या शाळा पुन्हा मिटल्या आणि या वेळी शिक्षकांच्या घरातली माणसं गेली, शिक्षकही गेले. कोरोनाच्या कामावर असताना मृत्यू आला तर कुटुंबाला 50 लाखांचं साहाय्य देण्याचा निर्णय राज्यानं मे 2020 मध्ये घेतला होता. पण ते मागताना बायकोला, मुलीला सिद्ध करावं लागायचं की माणूस त्या दिवसांत कामावर होता. आदेश आला होता व्हॉट्सॲपवर, आणि फोन तर त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलेला.

म्हणून शिक्षक बंधू-भगिनींनो, आजही निवडणूक असो, जनगणना असो की पूर-साथीची ड्यूटी असो, आदेश हाती आला की दोन प्रती छापून घ्या. एक शाळेत, एक घरच्या कपाटात. प्रत्येक दिवशी कुठं होतात ते साध्या वहीत तारखेसह लिहा आणि शक्य तिथं तिथल्या अधिकाऱ्याची सही घ्या. त्याच पाकिटात सेवापुस्तकाची झेरॉक्स, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय त्याची नोंद ठेवा. आणि ते पाकीट कुठं आहे, हे घरातल्या दोघांना तरी दाखवून ठेवा.

नमस्कार.