बेटावर अस्वल आलं कुठून?

नमस्कार, श्रोतेहो.

जपानच्या उत्तरेला होक्काइदो. त्याच्याही वायव्येला, समुद्रात, रेबुन नावाचं चिमुकलं बेट. रेबुनच्या रानात अस्वल नाही. तरीही तिथल्या काफुकाई या जागी उत्खननात तपकिरी अस्वलांच्या कवट्या सापडल्या.

ही वस्ती ओखोत्स्क संस्कृतीची. साधारण ५व्या ते १०व्या शतकात होक्काइदोच्या उत्तरेच्या साखालिन बेटाकडून किनाऱ्याकिनाऱ्यानं आलेली ही दर्यावर्दी माणसं. सील, देवमासे, मासळी यांवर जगणारी. डीएनए तपासल्यावर मोठी अस्वलं उत्तर होक्काइदोची निघाली. वर्षही न भरलेली पिल्लं मात्र दक्षिणेकडची! शिवाय पिल्लं मारली गेली होती शरदात. म्हणजे कुणीतरी ती वसंतात धरली, होडीत घातली, महिनोन्महिने खाऊ घालून वाढवली. आणि दक्षिणेत तर वेगळेच लोक राहत होते, जोमोन, म्हणजे जपानच्या प्राचीन शिकारी लोकांचे वंशज. त्यांच्याशी देवघेव असल्याशिवाय हे पिल्लू समुद्र कसं ओलांडणार?

याच दक्षिणेकडच्या लोकांतून ७व्या शतकाच्या सुमारास सात्सुमोन संस्कृती घडली. घरात भिंतीलगत चूल, शेतात सातू आणि राळे, जपानच्या मुख्य बेटावरून, होन्शूहून, आलेलं लोखंड. पुढे पूर्व होक्काइदोत दोन्ही मिसळल्या. तिथल्या तोबिनिताई संस्कृतीच्या मडक्यांचा घाट सात्सुमोनसारखा, तर वर चिकटवलेल्या मातीच्या दोऱ्यांची नक्षी ओखोत्स्कची. सोयरीक झाल्यावर स्वयंपाकघरात जे होतं तेच!

१३व्या शतकाच्या आसपास मडकी संपली, व्यापारातून लोखंडी भांडी आली, आणि अभ्यासक तिथून पुढच्या काळाला ऐनू संस्कृती म्हणू लागले; ऐनू म्हणजे होक्काइदोचे मूळ रहिवासी. मला हे जरा मजेशीर वाटतं. माणसं तीच, भांडं बदललं की संस्कृतीचं नाव बदलतं.

ऐनूंचा सर्वांत मोठा विधी इयोमान्ते. अस्वलाचं पिल्लू घरात वाढवायचं, कधी बायांनी अंगावर पाजायचं, आणि मग त्याला मारून त्याच्यातल्या कामुईला, म्हणजे देवाला, भेटवस्तू देऊन स्वर्गी पाठवायचं. सात्सुमोन घरांत याची ठळक खूण नाही. पण होक्काइदोच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या आबाशिरी गावातल्या मोयोरोत, १९१३ साली योनेमुरा किओए या न्हाव्यानं उजेडात आणलेल्या वस्तीत, ओखोत्स्क लोकांनी घराच्या कोपऱ्यात अस्वलांच्या कवट्या रचून ठेवल्या होत्या. या ओखोत्स्क माणसांच्या हाडांतल्या डीएनएचा एक धागा आजच्या ऐनूंतही आहे; जोमोन सांगाड्यांत तो मिळालेला नाही.

म्हणजे शेजारी नुसते देवघेवीपुरते आले नव्हते. ते घरात आले, आणि येताना आपला देवही घेऊन आले.