अंड्यातली शिदोरी

मागच्या बैठकीत एका भाऊंनी विचारलं होतं, मोबाइलवर ते लाल नांग्यांचं क्रेफिश, म्हणजे झिंग्याच्या नात्यातला गोड्या पाण्यातला जीव दाखवतात, ते आपल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात सोडता येईल का? आधी त्याचंच सांगतो. सोडू नका. दलदलीतलं लाल क्रेफिश मातीत बिळं करतं, आणि कोहळी समाजानं बांधलेल्या आपल्या मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावांचा सगळा जीव मातीच्या पाळीत, म्हणजे बांधात आहे. ते एकदा पसरलं की जाळ्यानं निपटत नाही.

पण क्रेफिश पाळणाऱ्यांकडून एक गोष्ट जरूर शिकावी, कारण ती आपल्या जंबो झिंग्याला, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीलाही लागू पडते. मादी काय खाते, त्यावर पिल्लांचं नशीब ठरतं.

क्रेफिशची मादी काही शे अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून वागवते. ऑस्ट्रेलियातल्या रेडक्लॉ जातीत पिल्लं सुटी व्हायला, पाण्याच्या उबेप्रमाणे, सहा ते दहा आठवडे जातात. अंड्यातलं पिल्लू बाहेरचा कणही खात नाही. आईनं बलकात भरून दिलं तेवढीच त्याची शिदोरी. जंबो झिंग्याचं अंडं 28 अंशांच्या पाण्यात साधारण 20 दिवसांत फुटतं, मोठी चांगली मादी 80 हजारांवर अंडी धरते. त्याच्या पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागतं, म्हणून अंडेवाल्या माद्या हॅचरीत जातात. पण शिदोरी भरली जाते ती आपल्या तलावात.

झिंगे निवडणाऱ्या बायांनी मादीच्या डोक्याच्या कवचातून दिसणारा केशरी रंग हजारदा पाहिला आहे. ती भरत आलेली अंडी. हा रंग झिंग्याला स्वतःच्या अंगात बनवता येत नाही, तो शेवाळातून आणि खाण्यातून येतो. कोलेस्टेरॉलचंही तेच. आपलं यकृत ते तयार करतं, झिंगा आणि क्रेफिश करू शकत नाहीत. काही चरब्याही अशाच, बाहेरूनच मिळाव्या लागतात.

आता आपण देतो काय? धानाचा कोंडा आणि सरकीची ढेप. पोट भरतं, थोडं वजनही चढतं. पण कोंड्या-ढेपेत कोलेस्टेरॉल नसल्यातच जमा. शिवाय सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, त्यानं जनावरांच्या प्रजननाला बाधा येते. खुराक कमी पडला की मादी भरत आलेली अंडी परत अंगात जिरवते.

मी सुरुवातीला माद्या ढेपेवरच ठेवल्या होत्या. अंडी लागली म्हणून खूश होतो. रंग फिकट होता, तो मी मनावर घेतला नाही. रोज थोडी थोडी अंडी टाकीच्या तळाशी दिसू लागली, तेव्हा मी पाण्यालाच दोष देत बसलो. पाणी चांगलं होतं. उपाशी होती ती मादी, आणि मला तिचं भरलेलं पोट दिसत होतं.

लागणारं बरंचसं आपल्या गावातच आहे. तलावातल्या गोगलगायी उकळून, ठेचून द्या. सुकट द्या. धानाच्या बांधीत उतेरा, म्हणजे उभ्या धानातच पेरतो ते जवस घ्या. त्याच्या तेलात जवळपास निम्मं लिनोलेनिक आम्ल, म्हणजे बाहेरूनच मिळावी लागणारी एक चरबी असते. पण झिंगा त्यापासून लांब साखळीच्या चरब्या फारच थोड्या बनवू शकतो, म्हणून जवसावर भागवून सुकट टाळू नका. सोयाबीन आहेच, रंगासाठी गाजर. खाणं संध्याकाळी टाका, हे जीव रात्री चरतात. उरलेलं सकाळी काढा.

आणि वेळ चुकवू नका. अंडी पोटाखाली दिसल्यावर खुराक सुरू करणं म्हणजे वरात दारात आल्यावर धान कांडायला बसणं. त्या अंड्यांचा बलक आधीच भरून झालेला असतो. तरी तेव्हाही हात आखडू नका, कारण झिंग्याच्या मादीच्या पोटाखाली एक वेत असताना आत पुढचं भरत असतं.

ताई, त्या दोन टोपल्या पुढे आणा. डावीकडची ढेपेवरची, उजवीकडची सुकट-गोगलगायीवरची. बॅटरी धरतो, जवळ या आणि अंड्यांचा रंग बघा.