पाचवं पान

[दृश्य : स्वयंपाकघर. फरशीवर ताटं मांडली जातायत.]

साताऱ्यातलं एक घर. दुपारचे साडेबारा. जेवायला बसणारी माणसं चार : आई, बाबा, आजी आणि ही सव्वाचार वर्षांची मुलगी. आता ताटं मोजा. पाच.

पाचव्या ताटात अर्धी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि चिमूटभर मीठ. भाजी वाढलेली नाही, कारण भाजी दोडक्याची आहे आणि दोडका डुंबाला आवडत नाही. हिलाही आवडत नाही, पण तो विषय वेगळा.

डुंबा न्हाणीतल्या पिंपामागे राहतो. सारखा पाण्यात डुंबतो म्हणून डुंबा. अर्धा हत्ती आहे, अर्धा काका. एसटीत कंडक्टर आहे, पण रजा फार घेतो. दूध सांडलं तर डुंबानं सांडलं. भिंतीवर रेघोट्या मारल्या त्याही त्यानंच. हाक मारली की लगेच येईल असंही नाही.

ज्याच्यावर फिल्म करायची तो कॅमेऱ्यात दिसतच नाही, ही आमची पहिल्या दिवसापासूनची अडचण. आमच्या कॅमेरामननं मोठ्या अदबीनं विचारलं, डुंबा कुठे बसतो, म्हणजे तशी फ्रेम लावतो. उत्तर ऐका.

[मूळ आवाज : "काका, सरका की! त्याच्या पायावर उभे राहिलाय तुम्ही."]

आमचा कॅमेरामन पंधरा वर्षं हे काम करतोय. तो मुकाट्यानं दोन पावलं मागे सरकला आणि 'सॉरी' म्हणाला. कोणाला म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

[दृश्य : ओसरी. आजी धाकट्या नातवाला भरवतायत.]

हा हिचा धाकटा भाऊ, दीड वर्षाचा. आजी काय म्हणतायत ते नीट ऐका. एक घास चिऊचा. एक घास काऊचा. चिऊ कुठे आहे? ओसरीवर एकही चिमणी नाही. तरी बाळ मान वळवून बघतं, तोंड उघडतं आणि घास आत जातो.

आता तो उठला. दोन पावलं टाकली, आपटला. रडायला तोंड वेडंवाकडं झालं, तोवर आजींनी फरशीवर चापट मारली : "अगं बाई, मुंगी मेली बघ!" रडणं जागच्या जागी थांबलं. मुंगी शोधायचं काम निघालं ना!

आपल्या घरांत न दिसणाऱ्या मंडळींची ये-जा जुनीच आहे. आकाशात मामा आहे आणि त्याचा वाडा चिरेबंदी आहे. अंधाऱ्या खोलीत बागुलबुवा. झोपत नाही? बुवा येईल. जेवत नाही? बुवाला देऊन टाकू. हे सगळे आपण मोठ्यांनी नेमलेले, आपल्या सोयीसाठी. त्यांच्याबद्दल कुणी डॉक्टरला विचारायला जात नाही. पोरानं स्वतःचा एक नेमला की मात्र घरात कुजबुज सुरू होते.

इथेही झाली. शेजारणीनं अंगारा सुचवला. आजींनी मीठ-मोहऱ्या घेतल्या, नातीला पाटावर बसवलं आणि दृष्ट काढली. नात उठली आणि म्हणाली, आता डुंबाची काढ.

[दृश्य : आजी रिकाम्या पाटावरून मूठ ओवाळतायत.]

हे आम्ही त्यांना करायला सांगितलेलं नाही. आता दर शनिवारी त्या दोघांची दृष्ट काढतात. बघा, हात किती उंचावरून फिरतोय. डुंबा उंच आहे.

[दृश्य : जुन्या पुस्तकांची पानं, मग एक चित्र.]

मुलांच्या अशा काल्पनिक सवंगड्यांवर १८९५ साली क्लारा व्होस्ट्रोव्स्की या अभ्यासक बाईंनी अमेरिकेत लिहून ठेवलं होतं. पुढे बराच काळ याकडे संशयानंच पाहिलं गेलं. मूल एकलकोंडं असेल, काहीतरी बिनसलं असेल. अमेरिकेतल्याच ओरेगॉन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर यांनी मात्र मुलांनाच समोर बसवून विचारलं. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा २००४ सालचा अभ्यास सांगतो, की सात वर्षांची होईपर्यंत त्यातल्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. यात ज्या बाहुलीशी किंवा अस्वलाशी मूल माणसासारखं बोलतं, तीही धरली आहेत. हे सोबती नेहमी गुणी नसतात. ऐकत नाहीत, भांडतात, बोलावलं की येत नाहीत. डुंबा त्यातलाच. आणि टेलरबाईंना प्रश्नांची उत्तरं देता देता काही मुलं मधेच हळूच सांगत, की तो खरा नाहीये बरं का. बाईंचा गैरसमज होऊ नये, याची काळजी मुलांनाच!

हे चित्र १९३९ सालचं. 'दोन फ्रिदा'. मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो. तिनं डायरीत लिहिलंय, की सहा वर्षांची असताना ती खिडकीच्या काचेवर श्वासाची वाफ सोडायची आणि त्या वाफेवर बोटानं दार काढायची. त्या दारातून ती मनानं बाहेर पडायची, मैदान ओलांडायची, एका दूधडेअरीच्या पाटीवरच्या नावातल्या 'ओ' अक्षरातून आत शिरायची आणि जमिनीच्या पोटात उतरायची. तिथे एक मैत्रीण तिची वाट बघत असायची. ती मैत्रीण वजनच नसल्यासारखी नाचायची. फ्रिदाला त्याच वयात पोलिओ झाला होता.

[दृश्य : पावसात भिजणारी टेकडी. मग जुनी छायाचित्रं.]

ही कोसबाडची टेकडी, डहाणूजवळची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ पासून ते इथे आलं. वारली पाड्यांतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर नेली. नाव पडलं अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागडी साधनं नव्हतीच. खडे, शिंपले, बिया, पानं. मूल त्यातून मांडेल तो संसार. बालशिक्षणाची स्वतःची पद्धत घडवणाऱ्या इटलीच्या माँटेसरीबाईंचा कल्पनेवर फारसा विश्वास नव्हता, लहान मुलाला परीकथा नकोत, खरं काम हवं, असं त्यांचं म्हणणं. ताराबाई त्याच पद्धतीत तयार झालेल्या, पण मांडणी त्यांनी इथल्या मातीतली केली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्दाबरोबर खडे-शिंपले किती गेले, ते गावोगावी बघावं लागेल.

[दृश्य : अंगणवाडी. खोलीचा कोपरा.]

या एका अंगणवाडीत मात्र आहेत. कोपऱ्यात करवंट्या, बाटल्यांची झाकणं, एक फुटकी परात. ताईंनी सकाळचा एक तास या कोपऱ्यासाठी ठेवलाय आणि त्या तासात त्या कुणाला काही शिकवत नाहीत.

कॅमेरा आम्ही खिडकीत ठेवून दिला. हा मुलगा कंडक्टर आहे. कपडे वाळत घालायचा चिमटा हे त्याचं तिकीट पंच करायचं यंत्र. "पुढं सरका, पुढं सरका." गाडीत माणसं तीन, पण गर्दी बघा कशी करतोय. ही मुलगी ताई झालीय आणि खऱ्या ताईंपेक्षा जास्त ओरडते. आणि इकडे फोन चाललाय. हात बघा. आपण लहानपणी अंगठा कानाला आणि करंगळी तोंडाशी धरायचो. हिनं पंजा सपाट धरलाय. फोनचा आकार बदलला, तसा हातही बदलला.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी १९३३ सालच्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. काठीला घोडा म्हणताना मूल शब्दाला वस्तूपासून सोडवतं. उद्या पाटीवरच्या तीन रेघांना 'क' म्हणायचं असतं, तेव्हा हेच कसब लागतं. चिमट्याला पंच म्हणणाऱ्या या कंडक्टरचं ते शिकून झालंय. वहीत एकही अक्षर नाही, म्हणून त्याच्या वडिलांना मात्र काळजी वाटते.

ज्या बालवर्गात तीन वर्षांची मुलं चार रेघी वहीत एबीसीडी गिरवत होती, तिथे आम्हाला शूटिंगची परवानगी मिळाली नाही. ते दृश्य या फिल्ममध्ये नाही.

सोबत्यामुळे मूल खूप घाबरत असेल, झोप-जेवण तुटलं असेल, खऱ्या माणसांशी बोलणंच थांबलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर भेटावं.

[दृश्य : पुन्हा साताऱ्यातलं घर. अंगणात पाऊस.]

जून. आम्ही परत आलोय. शाळा सुरू होऊन आठवडा झालाय. नवा गणवेश, नवं दप्तर. आई ताटं मांडतायत. सवयीनं पाच.

मुलीनं एक उचललं आणि मांडणीवर परत ठेवलं. डुंबाची बदली झालीय, मुंबईला. गाडी पहाटेचीच होती, म्हणून कुणाला उठवलं नाही.

[मूळ आवाज : "अगं, मग परत कधी येणार तो?"]

विचारतायत त्या आई.

[मूळ आवाज : "मला काय माहीत! आई, माझा दुसरा मोजा कुठंय?"]

मोजा पिंपामागे सापडला. ओला.